अकरा बनावट बायका

“गौतमी, उभी आहेस का बसलेली?” सबनीसकाकांनी फोनवर विचारलं.

“उभी आहे. कुकर लावतेय.”

“मग गॅस बारीक कर आणि बस.”

फेब्रुवारीतली रविवारची सकाळ होती, साल दोन हजार नऊ. सबनीसकाका रविवारी फोन उचलतसुद्धा नसत, मग करण्याची गोष्टच सोडा. मी ओट्याशी स्टूल ओढलं.

“तुझ्या लेखांखाली अकरा आयडी येतात, ठाऊक आहे तुला?”

“कुठले?”

“हौसा, ठकू, बायडा, कोंडा, इठा, तान्ही... आणखी वाचू? अकराच्या अकरा एकाच इंटरनेट जोडणीवरून येतात, दुपारी दोन ते चार. बाकी कुणाच्या लेखाकडे ढुंकून बघत नाहीत. फक्त करवंद. छान लिहिले आहे, छान लिहिले आहे. पूर्णविरामाच्या आधी सगळ्यांची एक जागा मोकळी सुटते. बिब्बा म्हणतो, हे एकाच माणसाचं काम आहे. आणि तो माणूस कोण, हेही म्हणतो.”

करवंद म्हणजे मी. कुकरची शिट्टी झाली आणि मला ती माझ्यावरच झाल्यासारखी वाटली.

आता ‘पडवी’ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ती आज राहिलेली नाही. सगळी दुनिया मोबाइलवरच्या ग्रुपांत जाऊन बसण्याआधीचं ते मराठी संकेतस्थळ. सबनीसकाका निवृत्तीनंतर ठाण्यात घरी बसून ते चालवायचे. हजारभर सभासद. त्यातले चाळीस लिहिणारे, दोनशे भांडणारे, आणि उरलेले नुसते वाचून निघून जाणारे. त्यांना आम्ही ‘वाचनमात्र’ म्हणायचो आणि मनातून थोडे रागवायचोही. जेवून हात न धुता उठणाऱ्या पाहुण्यावर रागवावं, तसे.

खऱ्या नावानं तिथे कुणीच लिहीत नसे. नावांच्याही लाटा यायच्या. आधी बायका फुलांची नावं घ्यायच्या आणि पुरुष भटका, एकाकी, मुसाफिर व्हायचे. घरात चहाचा कप उचलून ठेवायला सांगितलं तर ज्यांना धाप लागायची, ते सगळे तिथे मुसाफिर. मग खाण्याची लाट आली: थालीपीठ, बोरकूट, तिखटमीठ. मी त्याच लाटेत आले. सबनीसकाका ‘खांब’ होते, कारण पडवी त्यांच्यावर उभी होती. नागपूरचे एक डॉक्टर ‘बिब्बा’ होते आणि त्यांनी ते नाव अगदी निष्ठेनं चालवलं होतं.

आमच्याकडे नियम मोजकेच होते. त्यातला पहिला असा, की नाव कुठलंही घ्या पण माणशी एकच. दुसरं नाव घेऊन स्वतःची पाठ थोपटताना कुणी सापडला, तर त्याचं सभासदत्व जायचं आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. हा नियम मोडला जाऊ नये म्हणून चौघांचं व्यवस्थापक मंडळ होतं. त्या चौघांत एक बिब्बा आणि एक मी होते. चोर पकडायला ठेवलेला शिपाईच चोरीच्या मालासकट सापडावा, तशी माझी गत झाली होती.

“काका, मी असं करीन?”

“मला नाही वाटत. पण मला काय वाटतं याला विचारतो कोण? ही नावंच बघ ना. ठकू काय, कोंडा काय! आजच्या काळात अशी नावं असतात कुणाची? कुणीतरी गंमत म्हणून गावठी नावं काढून बसलंय. अकरांत एकच धड आहे, विजया. आठ दिवसांत खुलासा दे. नाहीतर नियम म्हणजे नियम.”

माझे बासष्ट लेख होते पडवीवर. पुसले गेले तर जगाचं काहीही नुकसान नव्हतं. पण त्यातला एक लेख मी दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता, आणि तोंडानं तर कुणापाशीच बोलले नव्हते. आदल्या वर्षी मला दिवस गेले होते आणि नोव्हेंबरात, तिसऱ्या महिन्यात, ते गेलंही. आम्ही घरी कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे गेल्याचंही सांगितलं नाही. विक्रांत, माझा नवरा, दोन दिवस माझ्याजवळ बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेला, जावंच लागतं. मग मी पडवीवर लिहिलं. ‘करवंद’ला आडनाव नव्हतं, सासर नव्हतं, म्हणून लिहिता आलं.

त्या लेखाखाली हौसाचा प्रतिसाद होता. “पोरी, हे बाळंतपणाएवढंच जड असतं, कोणी सांगत नाही म्हणून हलकं समजू नको . महिनाभर गार पाण्यात हात घालू नको . आणि रडू आलं तर रड, डोळे जात नाहीत त्याने .” हा प्रतिसाद मी पुनःपुन्हा वाचला होता. एकदा तर भांडी घासताना आठवून नळ बंद केला आणि पाणी तापत ठेवलं.

आणि तरीही त्या रविवारी मी काय केलं, तर कॉम्प्युटर उघडला आणि अकराच्या अकरा खाती बंद करून टाकली. मीच करायची, म्हणजे माझं त्यांच्याशी काही नातं नाही हे सिद्ध होईल, असं माझं डोकं चाललं. बंद करताना निरोप लिहावा लागे. मी लिहिला: ‘आपले सभासदत्व बनावट नावामुळे रद्द करण्यात आले आहे.’ एकदाच लिहिला आणि अकरा ठिकाणी चिकटवला. हौसाच्या वेळी हात जरा अडला, नाही असं नाही. पण पुढे गेला.

बुधवारी व्यवस्थापकांच्या पेटीत एक पत्र आलं.

“आदरणीय व्यवस्थापक, माझ्या संगणक वर्गातील अकरा महिलांची खाती आपण बनावट म्हणून बंद केली. त्या बनावट नाहीत. सोमवारपासून वर्गात कोणी टायपिंग करत नाही, नुसत्या येऊन बसतात. शंका असल्यास स्वतः येऊन पाहावे. दुपारी दोन ते चार. प्राजक्ता रिटे, सावित्री संगणक वर्ग, बाजारपेठ, फलटण.”

फलटण माझं सासर, आणि मंडळातल्यांना ते ठाऊक होतं. मला आधी वाटलं तो योगायोग. मग वाटलं, बिब्बा हे वाचेल तेव्हा त्याला काय वाटेल. मी गुरुवारी रजा टाकली आणि पुण्याहून सकाळची एसटी पकडली. घरी कळवलं नाही. आधी त्या वर्गात जायचं, काय आहे ते बघायचं, आणि मग जमलं तर घरी, असा बेत होता.

सासूबाईंना न कळवता जायला मला फारसं जड गेलं नाही, हेही सांगून टाकते. आमचं काही वाकडं नव्हतं. वाकडं व्हायलाही थोडं बोलणं व्हावं लागतं. दर रविवारी फोन व्हायचा. जेवलात का, जेवलो. थंडी आहे का, आहे. विक्रांतला दे. त्या कमी बोलायच्या आणि मी त्यांच्यापुढे मुकी व्हायचे. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं होतं, नव्या सुनेचं नाव अंगठीनं लिहायचं म्हणून. सासूबाईंनी ते परत पाठवलं. “राहू दे,” एवढंच म्हणाल्या. मला नाव बदलायचं नव्हतंच, तेव्हा मी सुटले. पण मनात आलं, आपल्याला घरात घ्यायची यांना हौस दिसत नाही. चार वर्षं मी ते मनात धरून होते.

वर्ग बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. लोखंडी जिना, दाराबाहेर अकरा जोडी चपला. आत पाच कॉम्प्युटर, आणि प्रत्येकापुढे दोघी-दोघी, एकापुढे तिघी बायका, पन्नाशी-साठीच्या, काष्ट्याच्या, सहावारीच्या, एक पंजाबी ड्रेसमधली. कुणी काही करत नव्हतं. बावीसेक वर्षांची प्राजक्ता फळ्यापाशी हवालदिल होऊन उभी होती. आणि खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरपुढून एक बाई पदर सावरत उठली. त्या माझ्या सासूबाई होत्या.

“तू?” त्या म्हणाल्या. “न कळवता? विक्रांत बरा आहे ना?”

“बरा आहे. आई, तुम्ही इथं?”

त्यांनी उत्तर द्यायच्या आत शेजारची काष्ट्यातली बाई उठली. “आगं बया! ही सून व्हय तुमची? म्हंजी हीच करवंद?”

मग वर्गाचा वर्ग माझ्याभोवती जमा झाला. कुणी माझा हात धरला, कुणी दंड चाचपला. “लई वाळलीया की.” “लिवतीया केवढं, खाईत नसंल.” “ते उंदराचं पुढं काय झालं गं? घावला का न्हाई?” आमच्या फ्लॅटमधल्या उंदरावर मी दोन भाग लिहून तिसरा टाळला होता. पुण्यात कुणी विचारलं नव्हतं. इथे अकरा बायका त्या उंदरासाठी खोळंबल्या होत्या.

“घावला,” मी म्हणाले.

“मग लिव की! अर्ध्यात सोडून जात्यात व्हय?”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सांगणाऱ्या अनेक होत्या आणि एकदम सांगत होत्या, पण सार असं: गेल्या उन्हाळ्यात विक्रांत बोलता बोलता आईला म्हणून गेला होता, की ती करवंद नावानं इंटरनेटवर लिहिते. सासूबाईंनी ते नाव लक्षात ठेवलं. महिला मंडळानं संगणक वर्ग काढला तेव्हा पहिलं नाव त्यांनी घातलं आणि दहाजणींना ओढून आणलं. मराठी टायपिंग यायला लागलं तसं प्राजक्ताला म्हणाल्या, एक पडवी म्हणून काही आहे, ते उघडून दे.

“पण खातं काढायचं म्हंजी नाव पायजे,” काष्ट्यातली बाई म्हणाली. “ह्या मॅडम म्हणल्या, तिथं कुणी खरं नाव लावीत न्हाई, कुठलंबी घ्या. आमी आपल्या बसलो एकमेकीकडं बघत. तर तुमच्या सासूबाई म्हणल्या, मग मी हौसा लावते. मी म्हणलं हे कुठलं? तर म्हणल्या, माझंच. लग्नाआधीचं. मग मी म्हणलं, तसं आसंल तर मीबी ठकू. हितं मी सुजाता हाय, बरं का. तीस वर्सं झाली, ठकू म्हणून हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. आई गेली, भाऊ गेला.”

“मी बायडा. कागदावर प्रतिभा.”

“मी कोंडा. ह्यांच्या घरात ते नाव सांगितलं तवा नणंदा हसल्या हुत्या.”

एक एक करून त्यांनी मला नावं सांगितली. सबनीसकाकांनी फोनवर जी वाचून दाखवली होती तीच, त्याच क्रमानं नव्हे, पण तीच. फक्त आता प्रत्येक नावाला चेहरा होता आणि तो सांगताना थोडा लाजत होता. पंजाबी ड्रेसमधली मात्र गप्प राहिली.

“आणि तुम्ही विजया?” मी विचारलं.

“हां. माझं लग्नातलंच लावलं,” ती म्हणाली. “पाचवी मुलगी म्हणून नकुसा ठेवलं होतं घरच्यांनी. सासऱ्यांनी विजया केलं. मला हेच बरं आहे.”

ठकूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“पण तुम्ही सगळ्या माझ्याच लेखांवर का लिहायचात?” मी विचारलं. “तिथं इतकी माणसं लिहितात.”

“घ्या! आपल्या माणसाचं सोडून दुसऱ्याचं कशाला वाचू?” ठकूबाई म्हणाली. “आन् तुमच्या सासूबाईंची ताकीद हुती. वाचलं की वाचल्याचं सांगायचं. नुसतं वाचून उठायचं न्हाई.”

तेव्हा कुठे सासूबाई पुन्हा बोलल्या. “आमच्या गावाकडं कुणी गोष्ट सांगायला लागलं की बाकीच्यांनी हुं म्हणायचं असतं. न्हाईतर सांगणाऱ्याला वाटतं, म्होरं कुणी न्हाई. हुं म्हणायला काय पैसं पडतात? ह्यांना जास्त टाइप करता येत नाही, म्हणून मीच शिकवलं, छान लिहिले आहे.”

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. अख्खी पडवी ज्याला कट समजत होती तो अकरा बायकांचा हुंकार होता.

चार वाजता आम्ही दोघी चालत घरी निघालो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. “बनावट म्हणले गं ते. बाकीचं काही न्हाई. बंद केलं, करू दे, त्यांचं घर आहे. पण बाबांनी हौसेनं ठेवलेलं नाव. पहिली मुलगी म्हणून पेढे वाटले होते त्यांनी. ते बनावट म्हणले.”

बोलायला हवं होतं, पण रस्त्यावर धीर झाला नाही.

घरी अण्णा, माझे सासरे, पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते एकच पेपर दिवसभर पुरवायचे. मी आत जाऊन आधी विक्रांतला फोन लावला.

“आईंचं माहेरचं नाव काय रे?”

“धुमाळ.”

“आडनाव नाही विचारलं. नाव.”

“शैलजाच ना? आणखी काय असणार?”

मी फोन ठेवला. सासूबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती, तेवढ्यानं थोडं सोपं झालं.

“आई, ते बटण मी दाबलं.”

“कसलं?”

“तुम्हा अकराजणींची खाती बंद करायचं. बनावट नाव, हे पण मीच लिहिलं. माझ्यावर आळ आला होता, की खोटी माणसं उभी करून मीच माझी वाहवा करते. मी घाबरले. तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं, पण ज्या हौसानं मला गार पाण्यात हात घालू नको सांगितलं, तिला मी ओळखत होते. तरी दाबलं.”

त्यांनी साखरेचा डबा उघडला, साखर घातली, डबा नीट बंद केला. मग वळल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि ऐकायची माझी तयारीही होती.

“म्हणजे आमच्यामुळं तुझ्यावर आळ आला?”

“तसं नाही...”

“तसंच. आम्ही अकराजणी तुझ्या दारात जाऊन टाळ्या वाजवत बसलो आणि लोकांना वाटलं तूच भाड्यानं आणल्या. अगं, मला काय ठाऊक! मी म्हटलं पोरीला बरं वाटेल.” त्यांचा आवाज फुटला. “तू माझ्याशी बोलत न्हाईस. बोलायचं नसतं असं नाही, तुला सुचत न्हाई, मलाबी न्हाई. तिथं मात्र घडाघडा बोलतेस. मी म्हटलं, तिथं जाऊन ऐकावं. ते नोव्हेंबरचं वाचलं तेव्हा असं वाटलं, तशीच उठावं आणि पुण्याला यावं. पण तू मला सांगितलं नव्हतंस. लोकांना सांगितलेलं मी चोरून ऐकलेलं. कुठल्या तोंडानं यायचं? म्हणून लाडू करून पाठवले.”

डिसेंबरात विक्रांतच्या मित्राबरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा आला होता खरा. थंडीचे पाठवले असतील म्हणून आम्ही खाल्ले. निम्मे विक्रांतनं खाल्ले.

“आई,” मी म्हणाले. मी जाऊन त्यांना मिठी मारली. आमच्यात ती पद्धत नव्हती. त्या क्षणभर अवघडल्या, मग त्यांनी माझं डोकं असं धरलं की माझा कान दुखला. चहा उतू गेला.

गॅस पुसता पुसता त्या म्हणाल्या, “नाव बदललं की दोन-तीन वर्षं आपल्याला कुणी हाक मारतंय हे कळतच नाही बघ. लोकांना वाटतं पोरगी बहिरी आहे. म्हणून तुझं नाही बदलू दिलं.” आणि लगेच पुढे, “आता तुझ्या त्या साहेबांना फोन लाव. आळ कसा काढायचा ते सांग.”

“मी बोलते ना त्यांच्याशी.”

“तुझ्या तोंडचं ते कशाला खरं मानतील? लाव.”

मी सबनीसकाकांना फोन लावून सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण मंडळापुढे ठेवायला मला निदान एकीची नोंद हवी. नाव, गाव, तिच्या तोंडून. दे फोन.”

मी फोनचा आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. सासूबाईंनी पदर खांद्यावरून घेतला, जणू काका समोरच उभे आहेत.

“नमस्कार बाई. आपला आयडी?”

“हौसा.”

“हां, ते झालं पडवीवरचं. आता खरं नाव सांगा. पूर्ण.”

“लिहून घ्या. हौसा ज्ञानू धुमाळ. गाव आदर्की.”

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. “बाई, गौतमी म्हणाली तुमचं नाव शैलजा भोईटे आहे.”

“तेबी आहे. ते इकडचं. अडतीस वर्षं वापरलंय, त्याला नावं ठेवत नाही मी. पण तुम्ही खरं विचारलंत. मग पहिलं जे ठेवलं ते सांगायला नको का? तुमच्याकडं फुलांची, खाण्याची नावं चालतात. एकजण तर बिब्बा आहे. त्याला कुणी बनावट म्हटलं नाही. आमची तर आईबापांनी ठेवलेली.”

मला वाटलं फोन कट झाला.

“काका?”

“आहे,” ते म्हणाले. मग वेगळ्याच आवाजात, “बाई, माझ्या आईचं नाव सरस्वती. सासरचं. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी आठवतोय, तिचं आधीचं नाव काय होतं. मला माहीतच नाही हो. मी कधी विचारलंच नाही तिला.”

सासूबाई फोनकडे बघत राहिल्या. मग ठकूबाईनं विजयाच्या पाठीवरून फिरवला होता तसा हात त्यांनी ओट्यावरच्या त्या फोनवरून फिरवला. “तिच्या माहेरचं कुणी आहे का मागं?” त्यांनी विचारलं.

“एक मावशी आहे. कर्जतकडे. नव्वदीची.”

“मग जाऊन या. उशीर करू नका.”

फोन ठेवला तसे अण्णा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे उघड होतं.

“बघायला आलो तेव्हा ज्ञानूमामांनी हौसा म्हणूनच ओळख करून दिली होती,” ते म्हणाले. “मला आवडलं होतं ते. बदललं ते आमच्या आईनं.”

“मग हे सांगायला अडतीस वर्षं लागली?” सासूबाई म्हणाल्या. “चहा घ्या. उतू जाऊन उरलाय तेवढा.”

त्याच संध्याकाळी सबनीसकाकांनी अकराही खाती उघडली आणि बिब्बानं जाहीर माफी मागितली; त्यातही चार टोमणे होते, पण मागितली. मी उंदराचा तिसरा भाग लिहिला. आणि शनिवारी पडवीवर खांब यांनी चर्चेचा नवा धागा काढला. मजकूर एका ओळीचा होता: ‘आपल्या आईचे लग्नाआधीचे नाव इथे लिहावे.’

पहिल्या दिवशी नऊ नावं आली. आठवड्यात दोनशे. ज्यांना ठाऊक नव्हतं ते घरी फोन करून, मामाला विचारून, जुन्या पत्रिका काढून परत आले. भांडण नाही, टोमणा नाही, नुसती नावं. कधीच काही न लिहिणारे ते वाचनमात्र, चार-चार वर्षं मुक्यानं येऊन गेलेले, ते आले, एक नाव लिहिलं आणि गेले. गंगू. सोनी. भिमा. दुर्गी. यमी. प्रत्येक नावाखाली हौसा न चुकता हुं म्हणून जायची. विक्रांतनं मुद्दाम खातं काढलं आणि तिचंच नाव लिहिलं. त्याच्यावर तिनं हुं म्हटलं नाही, मला फोन करून रडली.

फक्त धागा काढणाऱ्याचं नाव आलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

चोविसाव्या दिवशी दुपारी खांब यांचा प्रतिसाद दिसला. ते कर्जतला जाऊन आले होते. मावशींना कानानं कमी ऐकू यायचं, पाटीवर लिहून विचारावं लागलं, एवढं त्यांनी पुढे मला सांगितलं. पडवीवर त्यांनी त्यातलं काहीच लिहिलं नाही. एकच शब्द होता.

‘आवडी.’